मधला आवाज

"घरी ऐकायला हवेत की प्रवासात?" दुकानवालीने विचारलं.

"दोन्हीकडे कान माझे हेच असतात," आत्या म्हणाली.

शेजारी उभ्या असलेल्या पुतणीने डोळे मिटून घेतले. घरातून निघतानाच तिने बजावलं होतं, दुकानात बोलायचं काम माझं, तू फक्त डोकं पुढे करायचं. पण ऐकेल ती आत्या कसली. रुग्णालयाच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि डॉक्टरांचे उसवलेले खिसे शिवण्यात तिची हयात गेली होती. दिवसभर मशीन चालू आणि तोंड बंद. त्यामुळे समोरून कुणी एखादा प्रश्न विचारला, की तिला घरी पाहुणा आल्यासारखा आनंद व्हायचा.

दुकान म्हणजे दोन भिंती आणि त्यांच्यामध्ये अडकलेली दुकानवाली. भिंतींवर हेडफोन असे ओळीने लटकलेले, की आधी इथे माणसांची डोकी टांगलेली होती आणि ती कुणीतरी घाईघाईने काढून नेली असं वाटावं. दुकानवालीने त्यातला एक उतरवला.

"घरासाठी हे बघा. उघडे असतात. कानाला घाम येत नाही, वजन नाही, आणि घरात कुणी हाक मारली तर ऐकू येतं."

"आणि आतलं बाहेर?"

"तेही जातं थोडं. शेजारी बसलेल्याला कळतं काय चाललंय ते."

आत्याने तो हेडफोन तापलेल्या इस्त्रीसारखा खाली ठेवला. घरी भाऊ रात्रपाळी करून दिवसा झोपायचा आणि वहिनी दिवसभर त्याची झोप राखत बसायची. त्या घरात चमचा पडला तरी चौकशी व्हायची. आतलं बाहेर गेलेलं चालण्यातलं नव्हतं.

"मग प्रवासाचे हे. कानात घट्ट बसतात. बसचा घरघराट गेला म्हणून समजा."

"कंडक्टर?"

"तोही गेला."

"मग माझा थांबा मला कोण सांगणार?"

दुकानवालीने पुतणीकडे पाहिलं, पुतणीने छताकडे. शेवटी मधला मार्ग निघाला. कानांवर पूर्ण बसणारे, गाद्या असलेले, बंद हेडफोन. आवाज बाहेर फुटत नाही, बस थोडी दूर गेल्यासारखी वाटते, आणि गाणं हळू ठेवलं तर वहिनीची हाकही पोचते. पुतणीला मात्र ते बिनवायरचेच हवे होते.

"अगं, वायर कोण वापरतं आता? लोक म्हणतील, ही बाई स्वतःला चार्जिंगला लावून फिरते."

"बॅटरी म्हणजे रोज उठून आणखी एकाला वाढायचं. घरात आहेत तेवढी तोंडं पुरेत," आत्या म्हणाली आणि वायरवालाच कुरवाळत बसली. वायरीशी तिचं पटण्यासारखं होतं. काही झालं तरी ती दोऱ्याच्याच जातीची.

"लावून बघा तुमच्या फोनला," दुकानवाली म्हणाली.

फोन पुतणीचा जुना. बादलीत पडल्यापासून त्याचा स्पीकर मुका झाला होता, म्हणून तो आत्याकडे आला. घरातल्या बहुतेक गोष्टी बिघडल्या की आत्याच्या मालकीच्या होत. त्या फोनमध्ये एक मेमरी कार्ड होतं आणि त्या कार्डावर एकच गाणं होतं. तरुणपणी आत्या एका छत्र्यांच्या कारखान्यात होती. तिथल्या बायकांचं एक गायनपथक होतं, आणि कारखान्याच्या मालकाला हौस आली म्हणून त्याने त्यांना चांगल्या स्टुडिओत नेऊन छत्र्यांचं एक गाणं ध्वनिमुद्रित करून घेतलं होतं. मधलं कडवं एकट्या आत्याने गायलेलं. पुढे कारखाना बंद पडला, कॅसेट कुठे गेली कुणास ठाऊक, आणि आत्याच्या हातात उरलं ते फक्त "मी एकदा गायले होते" हे वाक्य. ते ती इतक्या वेळा बोलली होती, की आता घरात तिने "मी" म्हणताच वहिनी पुढचं वाक्य पूर्ण करायची. गेल्या आठवड्यात मात्र कारखान्यातली एक जुनी मैत्रीण बसथांब्यावर भेटली. तिच्या मुलाने जुन्या कॅसेटवरून ते गाणं काढलं होतं. तिने हे कार्ड आणून दिलं.

आत्याने हेडफोन चढवले. पुतणीने बटण दाबलं.

आधी डाव्या कानात काही बायका आल्या, मग उजव्या कानात काही. मग त्या सगळ्या बाजूला झाल्या आणि अगदी मधोमध, डोक्याच्या आत, टाळूच्या जरासं खाली, एक मुलगी उभी राहून गायला लागली.

ऊन कुणाच्या वाट्याला किती,
आम्ही शिवतो सावली हाती.

छत्र्या विकायला लिहिलेलं गाणं ते, त्यात रडण्यासारखं काय असणार? पण आत्या दुकानात उभ्याउभ्या रडली. दुकानवालीने खोका पुढे सरकवला. "आवाज बरा वाटतोय ना? मग भरते यात."

"ऐक की गं," आत्याने हेडफोन पुतणीसमोर धरला.

"तुझं तू ऐक," पुतणी म्हणाली. तिचं लक्ष वरच्या जांभळ्या हेडफोनवर होतं.

आता हे सगळं याच वेळी का सुचलं, तर त्याला कारण होतं. रुग्णालयाचा वर्धापनदिन जवळ आला होता. कर्मचाऱ्यांचं समूहगान बसवायचं होतं आणि त्याची सुरुवात एकटीने करायची होती. चार ओळी. तालीम घेणारे हिशेब खात्यातले साहेब, ज्यांना सगळे मास्तर म्हणायचे, त्यांनी विचारलं होतं, "आधी कुणी एकटं गायलंय का?" आणि मागच्या रांगेतून आत्याचा हात वर गेला होता. मास्तरांनी तो हात नीट निरखून पाहिला. "टाकेबाई, तुम्ही?" रुग्णालयात सगळे तिला टाकेबाई म्हणत. डॉक्टर माणसांना टाके घालायचे, ती चादरींना. "काही पुरावा वगैरे आहे का?" मास्तर हसत म्हणाले, आणि बाकीचेही हसले.

आत्या हसली नाही. पुढच्या वर्धापनदिनाला ती निवृत्त झालेली असणार होती. चार ओळी मिळाल्या तर याच वर्षी, नाहीतर मग न्हाणीघरात.

*

घरी आल्यावर वहिनीने हेडफोन पाहिला.

"हे कशाला आणि?"

"माझं गाणं आहे. ऐकतेस?"

"दुसऱ्याच्या केसाला लागलेलं मी डोक्याला लावत नाही." मग जरा थांबून, "आता हाक मारली तर ऐकू आलं नाही म्हणशील. सोयच झाली तुझी."

आत्या हळू आवाजात ऐकायची. सकाळी बसमध्ये, संध्याकाळी बसमध्ये, भाजी निवडताना, कपडे घडी घालताना. तीच मुलगी येऊन डोक्यात उभी राहायची. कुठे श्वास घेते, कुठे शब्द जरा लवकर सोडते, सगळं आत्याला पाठ झालं. एका जागी ती मुलगी घाबरली होती हेही कळायला लागलं. "सावली" म्हणताना किंचित.

आणि ऐकून झालं, की आत्या वायर फोनभोवती गुंडाळायची. कशी? तर बॉबिनला दोरा भरतात तशी. घट्ट, एकाशेजारी एक वेढा, टोकाची पिन फोनमध्येच ठेवून तिथूनच करकचून वळवलेली. तिच्या शिवणखोलीत सुटा दोरा म्हणजे गुन्हा. ढिलं गुंडाळणाऱ्या मुलींना तिने तिथे रडवलं होतं. दुसऱ्या कुणी वायर खिशात कोंबली असती, पिशवीत फेकली असती. हिने जिवापाड जपली, आणि जपण्यानेच ती पिनेपाशी रोज थोडी थोडी मोडत गेली.

*

तालमीच्या दिवशी आत्या शिवणखोलीतून थेट सभागृहात आली. केसांत कापसाचे तंतू, हातात फोन. मास्तर खुर्चीत होते. कीबोर्डवर एक्स-रेवाला बसला होता. हा दिवसा लोकांच्या हाडांचे फोटो काढायचा, संध्याकाळी कीबोर्ड वाजवायचा, आणि मधल्या वेळात अख्ख्या रुग्णालयाचे बिघडलेले फोन, रेडिओ, चार्जर दुरुस्त करायचा. गळ्यात कायम मोठा हेडफोन, डॉक्टरांच्या गळ्यात नळी असते तसा. त्याची बायको रिसेप्शनवर होती. चार ओळींसाठी दुसरं नाव होतं ते तिचं.

"पुरावा आणलाय," आत्या म्हणाली.

"अरे वा," मास्तर म्हणाले. "लावा."

"फोनचा स्पीकर गेलाय. हे घालून ऐकावं लागेल."

मास्तरांनी हेडफोन चढवला. आत्या त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली. कडवं कधी येतं ते तिला घड्याळाशिवाय कळत होतं. आता बायका. आता बाजूला झाल्या. आता मी.

मास्तरांच्या कपाळावर आठी आली.

"कोरस आहे छान. पण मध्ये नुसतंच वाजतंय. तुमचं कडवं कुठे आहे?"

"तेच की ते. आत्ताचं."

"आत्ता तर कुणीच गात नव्हतं बाई. लांबून कुठेतरी घुमल्यासारखं येतं, विहिरीत कुणी बोललं तर येतं तसं."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. आत्याने हेडफोन घेतला, कानाला लावला, गाणं मागे नेलं. डावीकडे बायका होत्या. उजवीकडे बायका होत्या. मधोमध, जिथे रोज ती मुलगी उभी राहायची, तिथे काही नव्हतं. दात पडल्यावर जीभ जिथे जाते तसं आत्याचं सगळं लक्ष त्या जागेवर गेलं आणि तिथेच अडकलं.

"काल रात्री होतं," ती म्हणाली.

"बघू इकडे," एक्स-रेवाला उठला. "माझं खातं आहे हे."

आत्याला एवढं बरं वाटलं, की तिने दोन्ही हातांनी फोन त्याच्याकडे दिला. त्याने हेडफोन घातला, ऐकलं, मग बोटांनी वायर चाचपत पिनेपर्यंत आला. दोन बोटांच्या चिमटीत त्याने पिनेजवळची वायर धरली आणि जराशी वाकवली. त्याचा पाय ताल धरून हलत होता, तो थांबला. त्याने कडवं पूर्ण ऐकलं. डोळे वर करून एकदा आत्याकडे बघितलं, अगदी नीट, बिल्ल्यावरचा फोटो आणि समोरचा माणूस ताडून बघतात तसं. मग पलीकडे बसलेल्या आपल्या बायकोकडे बघितलं. मग चिमूट सोडली आणि हेडफोन मास्तरांसमोर धरला.

"तुम्हीच ऐका सर परत. मी काय बोलू?"

मास्तरांनी पुन्हा ऐकलं. पुन्हा नुसता कोरस.

"असू दे, टाकेबाई," मास्तर समजूत घालत म्हणाले, आणि त्यांच्या समजुतीने आत्याला चपराक बसल्यासारखं झालं. "कोरसमध्ये असाल तुम्ही. एवढ्या वर्षांनी होतं असं. माणसाला वाटायला लागतं."

"कोरस काही वाईट नसतो," एक्स-रेवाला म्हणाला.

त्याची बायको उठून पुढे आली आणि चार ओळींसाठी घसा साफ करू लागली.

*

बसमध्ये आत्याने पुन्हा ऐकलं नाही. तिच्या डोक्यात एक भीती शिरली होती आणि ती तिच्या काळाप्रमाणे अगदी बरोबर भीती होती. कॅसेट फार वाजवली की झिजते. कारखान्यात एकीने एकच गाणं लावून लावून कॅसेटचा पार भुगा केला होता. आपणही तेच केलं. दिवसातून किती वेळा, काही धरबंध? नेमकं तेवढंच कडवं मागे नेऊन नेऊन घासलं.

घरी पुतणी आरशासमोर केस विंचरत होती.

"फोनमधलं गाणं झिजतं का गं?"

पुतणीने आरशातूनच पाहिलं. आत्याचा चेहरा इतका गंभीर, की तिला राहवलं नाही.

"झिजतं की. तू तर दळण दळल्यासारखं लावतेस. घासून गेलं असणार."

"सगळंच जातं?"

"आधी मधलं जातं. मग कडा," पुतणी म्हणाली आणि केसांना रबर लावून बाहेर गेली. जाताना दारात वहिनीला सांगून दोघी पोट धरून हसल्या. पाच मिनिटांत पुतणी ते विसरलीसुद्धा. चेष्टा करणाऱ्याला काय, त्याला ती सोबत बाळगावी लागत नाही.

आत्याने फोन कपाटात साड्यांच्या, टॉवेलांच्या खाली ठेवून दिला. उरलेल्या बायका तरी वाचाव्यात. ती कुणाशी त्याबद्दल बोलली नाही. वहिनीने दोनदा डिवचलं, "काय, राणीसरकारांचं गाणं थंडावलं?" तरी नाही. चार ओळी एक्स-रेवाल्याच्या बायकोला मिळाल्या. आत्याला कोरसची मागची रांग मिळाली, आणि शिवता येतं म्हणून सगळ्यांचे निळे पायघोळ झगेही.

शेवटी झग्यांसाठी दोरे घ्यायला बाजारात गेली असताना तिची पावलं हेडफोनच्या दुकानात वळली. पिशवीत फोन होता. तो तिने सकाळीच का घेतला होता, ते तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"झिजलेला आवाज परत भरून मिळतो का?" तिने विचारलं.

दुकानवालीने काउंटरवर हात टेकले. "परत बोला जरा."

आत्याने सगळं सांगितलं. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, दुकानवालीने त्याला हाक मारून सांगितलं, "अहो, ऐका, यांचं गाणं झिजलंय." दोघं मनसोक्त हसली. हसून झाल्यावर तिने आत्याच्या हातातून फोन ओढून घेतला, त्याच्यावरचे ते सुबक वेढे बघितले आणि म्हणाली, "हा पराक्रम कुणाचा?"

"माझा. मी नीट ठेवते."

"नीट? गळा दाबलाय तुम्ही वायरीचा. हे बघा, आत तीन तारा असतात. एक डाव्या कानाची, एक उजव्या, आणि एक दोघांची सामायिक. ती सामायिक तार इथे पिनेपाशी तुटली, की दोन्हीकडे जे सारखं असतं ते एकमेकांना मारून टाकतं. डावीकडचं डावीकडे उरतं, उजवीकडचं उजवीकडे. जो आवाज मधोमध ठेवलेला असतो तोच तेवढा जातो. गाण्यात मधोमध कोण असतं? मुख्य गाणारी. गाणं ठणठणीत आहे तुमचं. कान इकडे करा."

तिने हेडफोन आत्याच्या डोक्यावर बसवला, दोन बोटांच्या चिमटीत पिनेजवळची वायर धरली आणि जराशी वाकवली.

मुलगी परत येऊन उभी राहिली. "सावली" म्हणताना किंचित घाबरली.

"आला ना? सोडते आता." गेली. "परत धरते." आली. "कळलं? शेंबड्या पोराला कळेल. याच्यात डोकं लागत नाही."

आत्या त्या चिमटीकडे बघत राहिली. तशीच चिमूट. त्याच जागी. त्याच कोनात. आणि नंतर तिच्याकडे नीट टाकलेली ती नजर.

"विजेचं काम येणाऱ्या माणसालाही कळेल?" तिने विचारलं.

"त्याला नाही कळलं तर त्याने विजेचं काम सोडून द्यावं," दुकानवाली म्हणाली. "थांबा, नवी पिन बसवून देते. आणि यापुढे ढिलं गुंडाळा बाई. जगात सगळ्याच गोष्टी घट्ट धरायच्या नसतात."

*

पुढच्या तालमीला आत्या आली ती ताठ मानेने. सगळे जमलेले असताना ती मास्तरांसमोर गेली. "वायर तुटली होती. दुरुस्त केली. एकदा ऐका."

एक्स-रेवाला कीबोर्डच्या पट्ट्यांवरून फडका फिरवत होता. तो फिरवत राहिला.

मास्तरांनी ऐकलं. आणि या वेळी आत्याला हवं होतं ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर झालं. आठी गेली, भुवया वर गेल्या, मान हळूहळू हलायला लागली. कडवं संपल्यावर त्यांनी गाणं स्वतः मागे नेलं आणि पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढला.

"काय आवाज आहे," मास्तर म्हणाले. "कुणाचा?"

"माझा."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. केसांतले तंतू, चष्म्याची दोरी, बोटावरची शिवणाची टोपी. त्या पाहण्यात वाईटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तसं नाही, टाकेबाई. पण कशावरून? कोरसमध्ये पुष्कळ जणी दिसतात. त्यातली कुणीही असेल."

"मीच आहे."

"मग गाऊन दाखवावं," कीबोर्डमागून एक्स-रेवाला म्हणाला. आवाजात अगदी मदत करायची तयारी. "त्यांचंच गाणं आहे, त्यांना काय अवघड? मूळ पट्टीत सूर देतो."

आणि त्याने कडव्याआधीची चाल वाजवली. तीच. त्या मुलीने श्वास घेण्याआधी येणारी छोटीशी वळणं, आणि मग कडव्याचा पहिला सूर, बरोब्बर. आज हेडफोन त्याच्या हातात गेलाच नव्हता. त्या दिवशी नुसता कोरसच ऐकला असता तर कडव्याची चाल त्याच्या बोटांत आली कुठून? सभागृहात एवढी माणसं होती, हा प्रश्न एकटीला पडला. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने हसून मान हलवली. "करा सुरू."

आत्याने सुरू केलं.

शिवणखोलीत वर्षानुवर्षं कापसाची धूळ उडते. ती केसांत बसते ती झटकता येते. घशात बसते तिचं काय करणार? "ऊन कुणाच्या" इथपर्यंत आवाज कसाबसा गेला. "वाट्याला" वर तो चढायला निघाला, अर्ध्यात थांबला, फाटला. जुनी चादर दोन्हीकडून ओढली की जशी मधोमध जाते तसा. आत्याने पुन्हा धरला, पुन्हा फाटला. एक्स-रेवाल्याने पट्टी खाली आणली नाही. तो मूळ पट्टीतच वाजवत राहिला, शांतपणे, एकही चूक न करता, तिच्यासाठी कडव्याच्या शेवटापर्यंत थांबत थांबत.

कुणी हसलं नाही. मागच्या वेळी हसणाऱ्या बाईनेही खाली पाहिलं.

"पाणी द्या त्यांना," मास्तर म्हणाले.

पाणी एक्स-रेवाल्याच्या बायकोने आणून दिलं. आत्या प्यायली. "त्याने त्या दिवशी ऐकलं होतं" हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. पण आता ते ऐकून कुणाच्या काय कामाचं होतं? त्याला खोटं पाडलं असतं, तरी चार ओळी गायल्या कुणी असत्या? हा हिशेब त्या माणसाने तिच्या आधीच केला होता, आणि तो बरोबर आला होता. याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

"एक करू," मास्तर म्हणाले. त्यांना खरंच काहीतरी बरं करायचं होतं. "आवाज कुणाचाही असो, वस्तू सुरेख आहे. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, लोक येऊन बसेपर्यंत, हे गाणं सभागृहात लावू. नाहीतरी तेव्हा काहीतरी वाजत असावं लागतं. चालेल ना?"

"चालेल," आत्या म्हणाली.

"कार्ड माझ्याकडे द्या," एक्स-रेवाला म्हणाला. "मी लावतो नीट."

*

वर्धापनदिनाला सभागृह भरत होतं. खुर्च्या ओढल्याचे आवाज, कुणाचं तरी मूल, कुणाचा तरी खोकला. पडद्यामागच्या अरुंद जागेत निळे झगे घालून कोरस उभा होता, आणि आत्या जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. एक्स-रेवाल्याच्या बायकोचा पाय जिन्यावर झग्यात अडकून खालची शिवण लांबवर उसवली होती. पडदा वर जायला थोडाच वेळ होता. आत्याने ओठांमध्ये ओळीने टाचण्या धरल्या होत्या आणि एकेक काढून ती निळ्या कापडाची कड वर घेत चालली होती.

बाहेर गाणं लागलं. एक्स-रेवाल्याने ते खरंच नीट लावलं होतं. आधी बायका आल्या. मग बाजूला झाल्या. मग तो आवाज आला, मोठ्या स्पीकरमधून, भिंतींवरून, छतावरून, पडद्याला हलकेच हलवत.

"हलू नका" म्हणून आत्याने तिच्या पोटरीवर हात ठेवला.

एक्स-रेवाल्याची बायको हलत नव्हतीच. ती मान वाकडी करून ऐकत होती. तिचे ओठ कोरडे पडले होते. चार ओळींची भीती तिला सकाळपासून होती.

"तुमच्या कोरसमधली ही नक्की कोण हो?" ती खाली वाकून म्हणाली. "काय गाते. आपल्यात अशी एक असती तर मला उभंच राहावं लागलं नसतं."

आत्याने ओठांतली एक टाचणी काढली, कापडाची कड सरळ केली, आणि टोचली. बाहेर कुणीतरी शेवटच्या रांगेतली खुर्ची ओढली. ओठांत अजून चार टाचण्या होत्या.